मानेत गाठ, मूळ कुठे?

पन्हाळा तालुक्यातून वाहणारी कासारी, शिवाय कुंभी, तुळशी आणि भोगावती मिळून पंचगंगा होते. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. मानेत कर्करोगाची गाठ सापडते, पण रोगाचं मूळ कुठेच दिसत नाही, तेव्हा डॉक्टरांना अशीच गुप्त धार शोधायची असते.

प्रत्येक अवयवातली लसिका ठरलेल्या वाटेने ठरलेल्या ग्रंथींत उतरते. म्हणून गाठीची जागा हाच पहिला पुरावा. जबड्याच्या कोनाखालची गाठ बहुधा टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाकडे बोट दाखवते, मानेच्या मागच्या भागातली नाकामागच्या घशाकडे. डाव्या कॉलर बोनवरची गाठ तर थेट जठरातूनही आलेली असू शकते, कारण पोटाकडची मोठी लसिकावाहिनी डावीकडेच रक्ताला मिळते.

पुढची पायरी सुईने पेशी काढून तपासण्याची. गाठ आधीच कापून काढली, तर पुढची शस्त्रक्रिया अवघड होऊ शकते. पेशींत एचपीव्ही विषाणूच्या खुणा मिळाल्या, तर संशय टॉन्सिल आणि जिभेच्या मुळावर जातो. मग पेट स्कॅन. त्यात किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. कर्करोगाच्या पेशी ती जास्त ओढून घेतात आणि चित्रात उजळतात. तुकडा काढल्याची जखमही उजळते, म्हणून स्कॅन आधी आणि दुर्बिणीतून तुकडे घेणं नंतर. तरीही मूळ हाती लागलं नाही, तर टॉन्सिल काढून बारकाईने तपासतात. काही मिलिमीटरची मूळ गाठ कधी कधी तिथेच निघते.

एवढा खटाटोप कशासाठी? मूळ सापडलं, तर किरणोपचाराचा शेक तेवढ्याच भागाला देता येतो. नाही सापडलं, तर घशाचा बराच भाग त्यात येतो. तोंड कोरडं पडतं, घास गिळणं जड जातं.

उलट बाजूनेही मान फसवते: मूळ दिसतं, पण मानेत लपलेला रोग दिसत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मानेत काही दिसत नसतानाच तिथल्या ग्रंथी काढलेल्यांपैकी 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ येईपर्यंत थांबलेल्यांत 67.5 टक्के.

आपल्याकडे मानेतल्या गाठी पुष्कळदा क्षयाच्या असतात. पण तो निदानाने सिद्ध व्हावा, अंदाजाने नव्हे. कोडोली असो वा बाजारभोगाव, तंबाखू-मिश्री लावणाऱ्या माणसाच्या मानेत न दुखणारी गाठ दोन-तीन आठवडे टिकली, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही, हे थांबण्याचं कारण नव्हे.