पेशीचें द्वार आणि मीठ-साखरेचें पाणी

आपल्या नागपुरांत पावसाळा लागला कीं पाणी गाळून व उकळून पिण्याविषयीं घरोघरीं ताकीद होते. कारण दूषित पाण्याबरोबर अतिसार व पटकी हे रोग येतात. अशा दुखण्यांत मूल दगावतें तें मुख्यत्वेंकरून अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. मग भरपूर पाणी पाजलें म्हणजे झालें, असें कोणासही वाटेल; परंतु नुसत्या पाण्यानें ही तूट भरून निघत नाहीं. याचें कारण आपल्या पेशींच्या पटलांत आहे.

प्रत्येक पेशीभोंवतीं मिलिमीटराच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असें स्निग्ध पटल असतें. पाणी त्यांतून जाऊं शकतें, आणि जिकडे क्षार किंवा साखर अधिक तिकडे तें ओढलें जातें. मनुका पाण्यांत टाकल्यास फुगते व मीठ लावलेल्या लिंबास पाणी सुटतें, तें याच नियमानें. यास परासरण म्हणतात. मीठ व साखर यांस मात्र पटलांतून आपोआप वाट मिळत नाहीं. त्यांच्यासाठीं प्रथिनांचीं द्वारें असतात.

लहान आंतड्याच्या पेशींतील एक द्वार मोठें चमत्कारिक आहे. मिठांतील सोडियम व द्राक्षशर्करा हीं दोन्ही एकत्र आलीं म्हणजेच तें त्यांस आंत घेतें, आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आंत जातें. ही उपपत्ति रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६० सालीं प्राग येथें मांडली. पटकीच्या विषानें आंतड्यांत पाण्याचा लोंढा वाहूं लागतो, तरी हें द्वार शाबूत राहतें.

या ज्ञानाची कसोटी १९७१ सालीं लागली. बांगलादेशाच्या युद्धामुळें बंगालमधील बनगांव येथें आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली व शिरेंतून देण्याचें सलाइन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनाबिस यांनीं मीठ व द्राक्षशर्करा घातलेलें पाणी रोग्यांस पाजविलें. मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३० च्या सुमारास होतें, तें ४ च्या खालीं आलें.

घरच्या साखरेपासूनही आंतड्यांत द्राक्षशर्करा मिळते. म्हणून पालकांनीं हें प्रमाण ध्यानांत ठेवावें : उकळून निवविलेलें पाणी १ लिटर, साखर ६ लहान सपाट चमचे व मीठ अर्धा लहान चमचा. हें घोट घोट, वरचेवर पाजावें. मीठ वा साखर अधिक घालूं नये. तसें केल्यास परासरणाच्याच नियमानें अंगांतील पाणी उलट आंतड्यांत ओढलें जाईल. ओ. आर. एस.ची तयार पुडी मिळाल्यास उत्तम. मूल सुस्त झालें, डोळे खोल गेले किंवा शौचांतून रक्त पडलें, तर त्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

विद्यार्थ्यांनीं हें घरीं वडील मंडळींस अवश्य वाचून दाखवावें.