लेखांक ६ : गुरूपुढे बसणं

मागच्या लेखांकात आपण उपासनेचा विचार केला. गाणं, प्रार्थना, अर्पण यांत आपल्या मंडळ्या कमी पडत नाहीत. कमी पडतं ते येशूपुढे शिष्य म्हणून बसणं, आणि माझ्या मते त्यावाचून उपासनाही पोकळ होते. नारायण वामन टिळकांचा मार्ग पाहा. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. टिळक त्यात गुंतले ते मत्तयच्या पाचव्या अध्यायात सुरू होणाऱ्या डोंगरावरील प्रवचनामुळे. बाप्तिस्मा पुढे, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. आधी शिकवणीने धरलं, मग शिकवणारा कोण ते उमगत गेलं. पुढे अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) हीच त्यांची कर्मभूमी झाली. याच जिल्ह्यातल्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि ज्ञानदेवांनी श्रोत्यांकडे वारंवार अवधान मागितलं. नगरच्याच कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकात कीर्तनाची रीत ख्रिस्ती कथेसाठी वापरली. ऐकण्याची सवय इथल्या मातीत होतीच, मिशनला ती बाहेरून आणावी लागली नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की येशूला गुरू म्हटलं की तो अनेक गुरूंपैकी एक होतो. ही भीती निराधार नाही. राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूचे नीतिउपदेश वेगळे काढून छापले, तेव्हा सेरामपूरच्या जोशुआ मार्शमन यांनी याच मुद्द्यावर त्यांच्याशी वाद घातला. पण तेच प्रवचन शेवटपर्यंत वाचा. बोलणारा पूर्वजांना सांगितलेल्या वचनांपुढे स्वतःचा शब्द ठेवतो, आणि शेवटच्या न्यायाच्या दिवशी लोक आपल्यालाच हाक मारतील असं सांगतो. नुसत्या नीतिशिक्षकाच्या तोंडी हे शोभणार नाही. नीट ऐकणाऱ्याला हा कोण, हा प्रश्न टाळताच येत नाही. टिळकांनाही तो टाळता आला नाही. शिवाय योहानाच्या तेराव्या अध्यायात शिष्य त्याला गुरू आणि प्रभू दोन्ही म्हणतात, आणि दोन्ही बरोबर आहे असं तो स्वतःच सांगतो. त्यातलं एक ठेवून दुसरं सोडायची मुभा त्याने कुणालाच दिलेली नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार आणि मांग समाजांतून आला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी मार खाल्ला, त्यांना दुसरा गाल पुढे करा हे कोणत्या तोंडाने सांगायचं? हे वचन सुटं काढून मारणाऱ्याच्या बाजूने वापरलं, तर तो शिकवणीचा विपर्यासच होय. म्हणून गुरूचं वचन गुरूच्या वागण्याशेजारी ठेवून ऐकावं लागतं. योहानाच्या अठराव्या अध्यायात महायाजकासमोर एक शिपाई येशूला थप्पड मारतो. येशू उलट हात उगारत नाही, पण मुकाट्याने सोसतही नाही. माझं चुकलं असेल तर ते दाखव, नसेल तर मारतोस का, असा जाब तो सर्वांसमोर विचारतो. सूड नाकारणं आणि अन्याय मान्य करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका प्रश्नात दिसतं. दुसऱ्या गालाच्या वचनावर प्रवचन करणाऱ्याने हा प्रसंग गाळता कामा नये.

वर्षभर ऐकायला डोंगरावरील प्रवचनाचे तीन अध्याय पुरेसे आहेत. मोठ्याने वाचले तर अर्धा तासही लागत नाही. पण त्यातलं एकच वचन, वेदीशी अर्पण ठेवून आधी रुसलेल्या भावाकडे जाण्याचं, घ्या. बांधावरून दोन भावांचं बोलणं बंद आहे आणि दोघेही सुगीचं धान्य घेऊन देवळात आले आहेत, अशा वेळी हे वचन आधी पोत्याकडे नव्हे, भावाकडे वळायला सांगतं. पाळकाने हे वर्षातून एकदा प्रवचनात सांगून भागत नाही. त्या दोघांच्या घरी बसून ते वाचलं गेलं पाहिजे. गुरू स्वतः खाली बसून शिष्यांचे पाय धुतो, त्या प्रसंगाकडे पुढच्या लेखांकात वळू.