मौनामागील आजार

एखादा मनुष्य एकाएकी बोलेनासा होतो, अन्नपाणी सोडतो, हात उचलून धरला तर तसाच ठेवतो. घरच्यांना ही बाहेरची बाधा वाटते. वस्तुतः ही कॅटाटोनिया या विकाराची लक्षणे असू शकतात. जर्मन वैद्य कार्ल काह्लबाउम यांनी 1874 मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. हा विकार दुर्मीळ नाही. मनोरुग्णालयांत दाखल झालेल्या 100 रुग्णांपैकी साधारणतः 10 जणांत तो आढळतो. उपचारांअभावी रुग्ण दगावूही शकतो. परंतु लोराझेपाम या औषधाने पुष्कळ रुग्ण काही दिवसांतच बोलू-चालू लागतात. म्हणून हुणसूरसारख्या गावातील कुटुंबाने अंगाऱ्या-धुपाऱ्यात वेळ न दवडता म्हैसूरचे रुग्णालय किंवा बंगळूरची निम्हान्स ही संस्था गाठावी.