छत्तीस आरे आणि बादलीची कडी

जूनमधली एक दमट सकाळ होती. भाचा अंगणात आमची जावा धूत होता आणि मी आत पोहे परतत होते. गाडी स्टँडवरून उतरवून त्याने मागे ओढली, तेवढ्यात तंबोऱ्याची तार तुटावी तसा ‘टण्’ आवाज आला. ‘‘आत्या, मागच्या चाकाचा स्पोक गेला!’’ तो ओरडला. ओसरीवरच्या आरामखुर्चीत वडील पेपर वाचत होते. वय वर्षे सत्त्याऐंशी, एका कानाने ऐकू कमीच येते. पण हे मात्र त्यांना नेमके ऐकू आले. पेपर खाली न ठेवता ते म्हणाले, ‘‘कडीच्या शेजारचा असेल.’’

होताही तिथलाच.

ही कडी म्हणजे काय, ते सांगण्याआधी गाडीची ओळख करून द्यायला हवी. सातारच्या आमच्या घरात ती १९६६ साली आली. मी जन्मले त्याच्या पुढच्या वर्षी, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठतेच्या यादीत तिचा नंबर माझ्यावर. मरून रंग, टाकीवर सोनेरी रेघा, अडीचशे सीसी, एक सिलिंडर आणि सायलेन्सर मात्र दोन. ‘जावा’चा इंडोनेशियातल्या बेटाशी काही संबंध नाही, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. यानेचेक नावाच्या चेक गृहस्थांनी १९२९ साली ‘वांडरर’ या जर्मन कंपनीचा मोटारसायकलचा व्यवसाय घेतला आणि दोन्ही नावांची पहिली दोन-दोन अक्षरे जोडली. आपल्याकडे ती म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार होऊ लागली. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. २०१८ साली जावा नावाने नव्या गाड्या बाजारात आल्या खऱ्या, पण नवीन गाडीचे आरे जुनीला बसत नाहीत. माणसांचेही तसेच असते म्हणा.

सायकलवाले तार म्हणतात, गॅरेजवाले स्पोक म्हणतात. आमच्याकडे शब्द आरा. वडिलांचे, म्हणजे नानांचे बालपण बैलगाडीच्या चाकांत गेले, त्यामुळे तोच शब्द चिकटला. पण बैलगाडीचा आरा आणि मोटारसायकलचा आरा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लाकडी आरा खांबासारखा ओझे पेलतो; चाक फिरताना खाली येईल तो आरा तुंब्याला टेकू देतो. तारेला टेकू देता येत नाही, ती वाकेल. तिला फक्त ओढता येते. म्हणून छत्तीसच्या छत्तीस तारा आधीच ताणून बसवायच्या, म्हणजे मधला हब चहूबाजूंनी ओढलेल्या दोरांवर तोलून राहतो. ओझे आले की खालच्या तारांचा ताण थोडा उतरतो, आणि चाक पुढे सरकले की पुन्हा चढतो. तारेच्या चाकाची कल्पना इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी १८०८ सालीच मांडली होती. पुढे १८७४ साली कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी आरे सरळ न लावता तिरके, एकमेकांना छेद देत लावले. त्याचे कारण अगदी साधे आहे. इंजिन हबला फिरवते, ब्रेक त्याला अडवतो. सरळ आरे असतील तर हब आतल्या आत पिळला जाईल. तिरक्या आऱ्यांपैकी निम्मे गाडी पळवताना ओढतात, उरलेले निम्मे थांबवताना.

यातला एक जरी आरा सैल पडला तरी त्याच्या वाटचे ओझे शेजाऱ्यांवर जाते. वाडा संस्कृतीत वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता कडी. १९७२ च्या दुष्काळात नाना ओव्हरसियर होते आणि माण तालुक्यात रस्त्याच्या कामावर होते. हजारो माणसे खडी फोडत होती. नाना या गाडीवर मस्टर बांधून कामावरून कामावर फिरत. म्हसवडच्या अलीकडे एका गावाजवळ मागच्या चाकाचे शेजारशेजारचे दोन आरे तुटले, आणि दुसऱ्या दिवशी पगारवाटप होते. गावातल्या लोहाराने भाता पेटवला, पण तार कुठून आणायची? त्याने घरात जाऊन आपल्या बादलीची कडी काढून आणली. नाना म्हणाले, ‘‘अहो, बादली कशी उचलाल?’’ तो म्हणाला, ‘‘साहेब, विहिरीला पाणी कुठं हाय? बादली उचलून करू काय?’’ त्या कडीचे त्याने दोन आरे घडवले. सुकडी घेऊन आलेल्या ट्रकवरून ते म्हसवडला पाठवून एका दुरुस्तीवाल्याकडून आटे पाडून घेतले. पैसे त्याने घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी पगार वेळेवर वाटला गेला.

त्यातला एक आरा वर्षभरात गेला. दुसरा राहिला, तो राहिलाच. आमच्या घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की माझ्या आईला त्या लोहाराचे संवाद पाठ होते. त्या कडीच्या शेजारचे आरे मात्र दर काही वर्षांनी तुटायचे, ते बदलले जायचे, आणि ‘गाडी जुनी झाली’ म्हणून विषय संपायचा.

या वेळी तो संपला नाही, कारण भाच्याला गाडी पुण्याला न्यायची होती. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आपापल्या गाड्या घेऊन ठिकठिकाणी जमतात. मध्ये खंबाटकीचा घाट. तेवीस वर्षांचा मुलगा, अठ्ठावन्न-एकोणसाठ वर्षांची गाडी आणि मागच्या चाकात बादलीची कडी. गाडी माझ्या ताब्यात असते, त्यामुळे हो-नाही म्हणायचे माझ्याकडे आले. मी म्हटले, आधी मिस्त्री काय म्हणतात ते पाहू.

आमचे मिस्त्री म्हणजे कमी बोलणारा माणूस. त्यांनी चाक उचलून फिरवले आणि स्क्रू-ड्रायव्हरने एकेका आऱ्यावर टिचकी मारत गेले. टिंग, टिंग, टंग, टिंग... आणि कडीवर आले तेव्हा ‘थप्प’. पुन्हा मारून पाहिले, पुन्हा ‘थप्प’. ‘‘ताई, लोखंड मऊ आहे. कितीही आवळा, ताणलं जातं आणि सैल पडतं. हा आरा नुसता पाहुणा म्हणून बसलाय. काम शेजारचे करतात आणि तेच मरतात.’’ पन्नास वर्षांचा हिशेब त्यांनी दोन वाक्यांत मांडला. वर म्हणाले, आता एक-दोन आरे बदलू नका, सगळा संच बदला. जुने दमलेत, नव्याबरोबर एका सुरात बोलणार नाहीत.

सगळा संच म्हणजे घरात तीन पक्ष. दादाने फोनवर सांगितले, ‘‘क्रोमचे घे, चकाचक दिसतात.’’ आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पुण्याहून एक पाकीट पाठवूनही दिले. भाच्याचे म्हणणे, स्टेनलेस. नानांचे म्हणणे, काय घालायचे ते घाला, पण कडी तिथेच राहील.

पाकीट उघडले तर आरशासारखे लखलखते आरे! मी तर भुललेच होते. मिस्त्रींनी त्यातला एक शिकंजात धरला आणि मानेपाशी वाकवला. कट्‌ करून दोन तुकडे. मग त्यांनी आमचा जुना, गंजका आरा तसाच वाकवला. तो काटकोनात वळला, पण तुटला नाही. क्रोमचा मुलामा चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि कडक पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. तो घालवायला माल नंतर काही तास सुमारे दोनशे अंशांच्या भट्टीत ठेवावा लागतो. हे काम कुणी केले आणि कुणी टाळले, ते चकाकीवरून कळत नाही. कळते ते घाटातल्या वळणावर. दादाला फोन केला. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘‘ठीक आहे, तुझ्या मनाप्रमाणे कर.’’ थोरल्या भावाच्या तोंडून हे वाक्य मी अठ्ठावन्न वर्षांत तिसऱ्यांदा ऐकले असेन.

मग जाडी. इकडे तारेची जाडी गेजमध्ये बोलतात आणि त्याचा हिशेब उलटा: आकडा लहान तशी तार जाड. दहा गेज म्हणजे ३.२५ मिलिमीटर, नऊ म्हणजे ३.६६, आठ म्हणजे ४.०६. आमची गाडी जन्माने चेक, मिलिमीटरवाली. आणि आरे गंजून आणि घासून असे झालेले, की एकाच आऱ्याची दोन ठिकाणी दोन मापे यायची. मिस्त्रींनी मानेजवळची, हबच्या आत लपून राहिलेली जागा मोजली, कारण तिथे गंज कमी. जास्त जाड आरा हबच्या भोकात जाणार नाही आणि कुणीतरी भोक मोठे करायला जाईल; बारीक आरा भोकात हलत राहील आणि मानेशी तुटेल. मला वाटायचे, जाड तेवढे मजबूत. तसे काही नसते.

लांबीचा घोळ त्याहून मोठा. आतून बाहेर येणारे आणि बाहेरून आत जाणारे आरे दिसायला सारखे, पण मानेचा कोन वेगळा. म्हणून नमुना एक देऊन चालत नाही. दोन्ही बाजूंचे दोन्ही प्रकारचे मिळून चार द्यावे लागतात. लांबी मोजायची ती मानेच्या आतल्या कडेपासून. आरा लांब झाला तर टोक निप्पलमधून वर येऊन ट्यूबला टोचते, आखूड झाला तर चार-पाच आट्यांवर सगळा भार. भाच्याने कर्नाटकातले एक आरे बनवून देणारे शोधले आणि नमुने कुरियरने धाडले. स्टेनलेसचेच ठरवले, मीच ठरवले. सातारच्या पावसात ते गंजणार नाहीत, आणि आटे कापून न पाडता दाबून पाडलेले होते. अशा आट्यांत तार कुठे चिरली जात नाही. ओळखायची खूण अशी की, आट्यांचा भाग तारेपेक्षा किंचित फुगीर लागतो. बोट फिरवले की कळते. निप्पल मात्र पितळी, वर निकेल चढवलेले. स्टेनलेसवर स्टेनलेस घासले की आवळतानाच जाम होते.

उरला नानांचा पक्ष. मला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता. या घरातल्या किती वस्तू नानांना विचारूनही हलवता आल्या नाहीत, त्याची यादी फार मोठी आहे. शेवटी मिस्त्रीच चाक घेऊन ओसरीवर आले आणि त्यांनी ते नानांच्या मांडीजवळ धरले. आवाज नानांना नीट ऐकू येणार नाही म्हणून त्यांनी नानांचा हात घेतला आणि एकमेकांना छेदणारे दोन-दोन आरे चिमटीत दाबायला लावले. एक जोडी, दुसरी जोडी, तिसरी. कडीपाशी आल्यावर नानांची बोटे सहज मिटली. त्यांनी पुन्हा दाबून पाहिले. नोकरीची सगळी वर्षे त्यांनी पुलांची आणि मोऱ्यांची मोजमापे घेतली आहेत. आकड्यापुढे ते कधी भावनेला बसवत नाहीत. बराच वेळ चाक तसेच धरून बसले. मग म्हणाले, ‘‘मुलगा बसणार आहे यावर. काढा.’’

आत जाऊन मी चहा टाकला आणि तो उतू जाऊ दिला.

संच आला. मिस्त्रींनी जुनी वीण सोडण्याआधी भाच्याने मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवले होते, मिस्त्रींनी ते पाहिलेही नाहीत. छत्तीस आरे विणून झाल्यावर खरे काम सुरू झाले: आउट काढणे. चाक फिरवायचे, रिंग डावी-उजवीकडे कुठे जाते ते खडूने टिपायचे, मग वर-खाली कुठे उडते ते. आणि प्रत्येक वेळी पाव फेराच आवळायचा. घाई केली की एक बाजू सरळ होते आणि दुसरी बिघडते. दीड तासाने रिंग मिलिमीटरच्या आत आली. मग पुन्हा टिचकी. या वेळी छत्तीसही आरे एका सुरात बोलले. शेवटी निप्पलच्या वर आलेली दोन टोके कानशीने घासली, वरून रबरी पट्टी आणि मग ट्यूब.

नव्या आऱ्यांचा ताण पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरांत थोडा उतरतो, ते पुन्हा तपासून आवळावे लागतात. ही फेरी कुठे मारायची, यावर नाना म्हणाले, ‘‘म्हसवड.’’

भाचा गाडीवर, आम्ही मागून मोटारीत. गाव सापडले. आता तिथे डांबरी रस्ता आहे आणि लोहाराच्या भात्याच्या जागी वेल्डिंगचे दुकान. चालवणारा नातू चाळिशीचा. बादलीची गोष्ट त्याने कधी ऐकलीच नव्हती. आजोबा तो लहान असतानाच गेले. नानांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली कडी काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती उजेडात धरली, मानेवरून अंगठा फिरवला, आटे निरखून पाहिले.

‘‘लोखंड बरं हाय,’’ तो म्हणाला. ‘‘पर वाकवताना जरा जास्त तापवलंय. घाईत केलंय का?’’

‘‘हो,’’ नाना म्हणाले. ‘‘दुसऱ्या दिवशी पगार होता.’’