निरभ्र आकाश, तरीही विमान रद्द

आकाशात ढगाचा मागमूस नाही, समोरच्या पर्वतरांगा स्वच्छ दिसत आहेत आणि तरीही विमान रद्द झाल्याची घोषणा होते. लडाखची सहल आटोपून परतणाऱ्या मुंबई-पुण्याच्या पर्यटकांवर लेहच्या विमानतळावर असा प्रसंग ऐन उन्हाळ्यात ओढवू शकतो. जुलै २०२४ च्या अखेरीस नेमके हेच घडले. तेथील तापमान ३६ अंशांच्या आसपास पोहोचले आणि काही नागरी उड्डाणे रद्द करावी लागली. खराब हवामान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धुके किंवा मुसळधार पाऊस येतो. लेहमध्ये रखरखीत ऊनही त्याच सदरात मोडते.

लेहचे विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. नागरी विमाने तेथे हवाई दलाचीच धावपट्टी वापरतात. पुणेकरांना ही व्यवस्था नवी नाही, कारण लोहगावातही तोच प्रकार आहे. साम्य मात्र येथेच संपते. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर, तर लेह १०,६०० फुटांहूनही उंचावर.

उंची वाढते तशी हवा विरळ होते आणि ती तापली की आणखी विरळ होते. लेहमध्ये पारा ३६ अंशांवर गेला की हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण घनतेच्या सुमारे ६३ टक्केच उरते. विमानाच्या दृष्टीने धावपट्टी जणू १५ हजार फुटांवर जाऊन बसते. पंखांना उचल देणारी हवाच कमी, त्यामुळे ती कसर वेग वाढवून भरून काढावी लागते. समुद्रसपाटीवर ताशी २६० किलोमीटर वेगाला जमीन सोडणाऱ्या विमानाला तेवढ्याच वजनासह येथे सव्वातीनशेहून अधिक वेग गाठावा लागेल. दुसरीकडे, त्याच विरळ हवेमुळे जेट इंजिनाचा जोरही घटलेला असतो. म्हणजे गरज जास्त आणि ताकद कमी. धावपट्टी मात्र पावणेतीन किलोमीटरचीच.

त्यातही खरी कसोटी वेगळीच आहे. उड्डाणाच्या ऐन क्षणी दोनपैकी एक इंजिन बंद पडले, तर उरलेल्या एका इंजिनावर विमानाला भोवतालच्या डोंगरांवरून सुखरूप वर चढता आले पाहिजे. हे गणित जमत नसेल तर वजन घटवायचे, म्हणजे प्रवासी किंवा सामान कमी करायचे, हाच उपाय. तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की तोही पुरत नाही आणि विमान जमिनीवरच राहते. रद्द झालेल्या उड्डाणाबद्दल विमान कंपनीच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यायला हवा.

उन्हाच्या जोडीला वारा असतोच. सकाळी दरी शांत असते. दिवस चढतो तसे डोंगरांचे उतार तापतात, त्यांच्यावरची हवा वर जाऊ लागते आणि तिची जागा घेण्यासाठी सिंधूच्या खोऱ्यातून वारे वर सरकू लागतात. धावपट्टीच्या पूर्वेकडे जमीन चढत जाते. त्यामुळे विमाने साधारणतः पश्चिमेकडून, स्पितुक गोम्पाच्या टेकडीजवळून येऊन उतरतात आणि उड्डाण करताना पुन्हा पश्चिमेकडेच निघतात. दुपारचा वारा उतरणाऱ्या विमानाच्या पाठीशी येतो आणि विमान थांबायला अधिक अंतर लागते. इतरत्र वाऱ्याची दिशा बदलली की धावपट्टीचे दुसरे टोक वापरता येते. लेहमध्ये ती सोय डोंगरांनी ठेवलेली नाही. नागरी उड्डाणांचे वेळापत्रक सकाळच्या वेळेभोवती का बेतलेले असते, याचे उत्तर या दुपारच्या वाऱ्यात आहे. सकाळची वेळ हुकली की अनेकदा दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागते. दिल्लीहून पुढचे तिकीट त्याच दिवशीचे काढणे म्हणूनच धोक्याचे.

या खोऱ्यात पहिले विमान उतरले ते २४ मे १९४८ रोजी. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी घाईघाईत तयार केलेल्या कच्च्या पट्टीवर डाकोटा विमान उतरवले, तेव्हा मेजर जनरल थिमय्या त्यांच्यासोबत होते. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने ती पट्टी तयार करवून घेतली होती. डाकोटामध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. लेह वाचवण्यासाठी सैन्य पोहोचवायचे तर दुसरा झटपट मार्गही नव्हता.

आज हवाई दलाकडे सी-१७ आणि सी-१३०जे यांसारखी चार इंजिनांची बलदंड वाहतूक विमाने आहेत. एक इंजिन गेले तरी त्यांची तीन शाबूत राहतात. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानापेक्षा ही मोठीच जमेची बाजू. यांपैकी सी-१३०जे विमान २० ऑगस्ट २०१३ रोजी १६,६०० फुटांवरील दौलत बेग ओल्डी येथे उतरवण्यात आले. पण विरळ हवेचा नियम लष्करालाही चुकत नाही. सियाचीनच्या चौक्यांना रसद नेणाऱ्या चीता हेलिकॉप्टरांना अतिउंचीवर प्रत्येक फेरीत अगदी मोजके किलो नेता येतात.

हिवाळ्यात चित्र उलटे होते. थंड, दाट हवा इंजिनाला आणि पंखांना मानवते, विमानाला अधिक वजन पेलता येते. तेव्हा बर्फ आणि खाली उतरलेले ढग आडवे येतात. चहूबाजूंनी डोंगर असलेल्या या दरीत वैमानिकाला प्रामुख्याने डोळ्यांवर विसंबून उतरावे लागते आणि डोंगर दिसेनासे झाले की विमान दिल्लीकडे माघारी वळवले जाते.