‘आजी, ओळखलं का?’ असे विचारू नका

रविवारची बुद्धवंदना संपली की आमच्या बुधवार पेठेतल्या विहाराबाहेर म्हातारी मंडळी ओट्यावर बसतात. मिलच्या भोंग्यावर उठलेली, विड्या वळून पोरांना शिकवलेली ही पिढी. तरुण मुले येतात, वाकून ‘जयभीम’ करतात आणि लगेच परीक्षा घेतात, “आजी, ओळखलं का?” आजी डोळे बारीक करून बघतात आणि म्हणतात, “व्हय की, न ओळखायला काय झालं!” पण नाव काही ओठांवर येत नाही. सगळे हसतात. आजींचा चेहरा मात्र उतरतो.

यातल्याच एक आजी दहा-अकरा वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर नागपूरला गेल्या होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ चा तो दिवस. पांढऱ्या वेशातले बाबासाहेब त्यांना आजही डोळ्यांसमोर दिसतात. पण गेल्या वर्षी घरात आलेली नातसून दारात उभी राहिली की त्या विचारतात, “कोण गं बाई तू?” घरचे चिडतात. “जुनं सगळं आठवतं, आणि नवीन माणूस बरं ओळखत नाही! ढोंग करते म्हातारी.”

बांधवांनो, हे ढोंग नव्हे. तरुणपणी मनावर ठसलेले चेहरे सहजासहजी पुसले जात नाहीत. १९७५ साली अमेरिकेतील संशोधकांनी सुमारे चारशे लोकांना त्यांच्या शाळासोबत्यांचे जुने फोटो दाखवले. शाळा सोडून तीस-पस्तीस वर्षे झालेल्यांनीही दहापैकी नऊ चेहरे बरोबर ओळखले. नवा चेहरा मनात साठवणे हे काम वेगळे, आणि ते वयाबरोबर अवघड होत जाते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले, की नवे चेहरे लक्षात ठेवण्याची ताकद तिशीच्या सुरुवातीला सर्वांत जास्त असते. पुढे ती हळूहळू उतरते. तेव्हा चाळिशी उलटलेल्या आमच्यासारख्यांनीही म्हाताऱ्यांना हसू नये. चेहरा आणि नाव यांची जोडी जमवणे तर आणखी कठीण. म्हणून चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव सापडत नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. उतारवयात माणूस ओळखीचा चेहरा विसरतो, तसाच अनोळखी चेहऱ्यालाही ‘कुठेतरी पाहिलेला’ समजतो. धोका आहे तो इथेच.

आमच्या शेजारच्या एक मावशी श्रावणबाळ योजनेचे पैसे काढून बँकेतून घरी निघाल्या होत्या. वाटेत मोटरसायकलवरचा एकजण थांबला. “मावशी, ओळखलं नाही का? तुमच्या लेकाबरोबर कामाला आहे मी.” मावशींना तो चेहरा पाहिल्यासारखा वाटला. नाही म्हणायची लाज वाटली. “पुढं चोऱ्या होत आहेत, गळ्यातलं काढून पिशवीत ठेवा,” म्हणत त्याने मदतीचा हात पुढे केला. घरी येऊन पाहतात तो पिशवीत बोरमाळ नाही, पैसेही नाहीत. लेक त्यांच्यावरच ओरडला. त्या दिवसापासून मावशींनी एकटीने बाहेर पडणे सोडले.

मी विचार करतो, त्या चोराने नवीन काय केले? आपण रोज जो प्रश्न हसत विचारतो, तोच त्याने विचारला. ‘ओळखत नाही’ म्हणणे म्हणजे कमीपणा, हे मावशींना आपणच शिकवले होते.

म्हणून आपल्या घरांत काही सवयी लावून घेऊ या. म्हाताऱ्या माणसासमोर गेल्यावर आधी आपले नाव आणि नाते सांगावे : “जयभीम आजी, मी अमक्याची धाकटी.” उजेडात, समोर बसून, सावकाश बोलावे. नव्या सुनेचा, नातवंडांचा फोटो खाली ठळक नाव लिहून भिंतीवर लावावा. आणि घरातल्या थोरांना स्पष्ट सांगावे, “ओळख पटली नाही तर खुशाल ‘नाही ओळखत’ म्हणा. दागिना, पैसे, पासबुक कोणाच्याही हाती देऊ नका.”

प्रत्येक विसर वयाचाच असतो असेही नाही. मोतीबिंदूमुळे चेहरा अंधुक दिसतो. तो काढता येतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड आणि मनाची उदासी यांनीही स्मरण मंदावते, आणि त्यावर उपचार आहेत. पोटच्या मुलांचे चेहरे ओळखू येईनात, रोजची वाट चुकू लागली, तर अंगारेधुपारे न करता सिव्हिल हॉस्पिटलात दाखवावे. अचानक ओळख गेली, तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, तर एक तासही थांबू नये. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाईनही आहे.

तथागतांनी जरेला दुःख म्हटले, आणि सिगालोवाद सुत्तात आईवडिलांचा सांभाळ हे मुलांचे पहिले कर्तव्य सांगितले. सांभाळ म्हणजे नुसती भाकरी नव्हे. ज्यांनी आपल्याला शाळेत घालून जगात ओळख मिळवून दिली, त्यांना आपली ओळख पुन्हा पुन्हा सांगावी लागली तर आपण थकायचे कशाला?

येत्या रविवारी विहारात गेलात की ओट्यापाशी थांबा. वाका, आणि आधी आपले नाव सांगा.