बाहेरच्या फळ्यांना काळे-पिवळे स्क्रू मारताय? आधी हे वाचा

पावसाळा तोंडावर आला की किनारपट्टीला घरदुरुस्तीची कामं निघतात. अलिबाग, श्रीवर्धन, दापोलीकडं होमस्टेच्या भिंतींना बाहेरून लाकडी फळ्या मारलेल्या दिसतात. फळ्या सागाच्या, भारी किमतीच्या. आणि त्या धरून ठेवणारा स्क्रू मात्र दुकानातला सगळ्यात स्वस्त! मग एक-दोन पावसाळ्यांत स्क्रूच्या डोक्याखालून काळे ओघळ उतरतात आणि बोलणी सुताराला किंवा वखारवाल्याला बसतात.

खरं कारण वेगळं आहे. साग, ऐन अशा लाकडांत टॅनिन हा तुरट अंश असतो. पाण्यात त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग होतो. हिरडा आणि लोखंडापासून पूर्वी काळी शाई करायचे, तोच हा प्रकार. डाग तर दिसतो, पण आत स्क्रू गंजून बारीक होत जातो ते दिसत नाही. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ बघितलेल्यांना वाऱ्याची ओढ काय असते ते सांगायला नको.

काळे स्क्रू जिप्समच्या छताचे, घरातल्या कोरड्या कामाचे. ते बाहेर मारूच नका. पिवळ्या आणि पांढऱ्या स्क्रूवर जस्ताचा अगदी पातळ थर असतो. खाऱ्या हवेत तो लवकर संपतो.

बाहेरच्या कामाला स्टेनलेस घ्या. समुद्रापासून लांब असाल तर ३०४ नंबर चालतो. खारा वारा थेट घरावर येत असेल तर ३१६ च घ्या. त्यात मॉलिब्डेनम हा धातू २ ते ३ टक्के असतो, तो मिठाला तोंड देतो. महाग पडतो, पण फळ्यांच्या खर्चापुढं काही नाही.

दुकानात जाताना खिशात चुंबक ठेवा. घट्ट चिकटला तर तो साधा लोखंडी किंवा ४१० नंबरचा, दोन्ही गंजणारे. पण नाही चिकटला म्हणून लगेच खूश होऊ नका. हलक्या प्रतीचं २०२ पण चिकटत नाही. म्हणून बिलावर नंबर लिहूनच घ्या.

स्टेनलेस लोखंडापेक्षा मऊ असतो, कडक लाकडात मुंडी तुटते. आधी बारीक भोक पाडायला सांगा. लांबी फळीच्या जाडीच्या अडीचपट तरी हवी. डोकं फळीच्या आत खोल बुडवू नका, तिथं पाणी साचतं. पावसात लाकूड फुगतं, त्यामुळं फळ्यांमध्ये फट सोडा.

काळे डाग पडलेच असतील तर आधी तो स्क्रू बदला, मग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यानं पुसा. हातमोजे घाला, नंतर फळी स्वच्छ धुवा. ते विषारी असतं, पोरांपासून लांब ठेवा. आणि घासायला लोखंडी ब्रश वापरू नका. त्याचे कण लाकडात अडकून परत काळं पडतं.